मुठीच्या मापाचा दट्ट्या

पंचवटीतल्या मालेगाव स्टँडवरची सकाळची गर्दी ओसरली की सुलाबाई आपल्या दुकानातल्या कॉफीच्या यंत्राला फडकं मारायला घ्यायची. त्या दिवशीही ती तेच करत होती. एवढ्यात दुकानासमोर सायकल थांबली आणि कारभारी आत आला. कारभारी तिच्या नवऱ्याच्या गावचा, येवल्याकडचा. अंबडला नवे कारखाने उभे राहू लागले तेव्हा तो तिथे टर्नर म्हणून लागला होता. कॅरियरला बांधलेलं पुडकं त्याने सोडून आणलं, फळीवर ठेवलं आणि डोक्यावरची टोपी उगाच काढून पुन्हा घातली.

"वैनी, रागावू नका. आणू का नको, आणू का नको, असं करता करता लय दिवस गेले."

"आहे काय?"

"दादांनी सांगितलेलं काम हाय."

दादा म्हणजे सावळीराम, सुलाबाईचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिने कागद उलगडला. आत एक दट्ट्या होता. खाली आरशासारखी लखलखीत पोलादी चकती आणि तिच्यावर काळ्या शिसवाची मूठ. मूठ गोल नव्हती. ओल्या मातीचा गोळा कुणीतरी दाबून सोडावा तसे तिच्यावर बोटांचे खड्डे होते.

सुलाबाईने तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. "अगंबाई, केवढा जड! आणि किंमत?"

कारभारीने किंमत सांगितली ती खाली जमिनीकडे बघत.

"कारभारी, अरे दट्ट्याच ना हा? शेवयाच्या सोऱ्यालाही असतो. एवढ्या पैशांत मी अख्ख्या दुकानाला रंग देईन."

"पोलाद विकत घेतलंय वैनी, कारखान्यातलं उचललेलं नाय. शिसव तर सोन्याच्या भावानं मिळालं. मूठ कानशीनं घासून काढलीय, लेथवर असली मूठ होत नाय. पण जबरदस्ती नाय. वापरून बघा. पुढच्या रविवारी येतो. पटलं तर पैसे द्या, नाय तर माझा दट्ट्या मला."

तो गेला. सुलाबाईने दट्ट्या यंत्राशेजारी सरकवला.

त्या दुकानात खरं म्हणजे एकच मोलाची गोष्ट होती, ते यंत्र. देवळालीच्या एका हॉटेलात सावळीराम कॉफी करायचा. हॉटेल बंद पडलं तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी त्याने हे परदेशी यंत्र मागून घेतलं. लग्नात फसफसवून देतात तसली कॉफी या यंत्रातून निघत नसे. लांब दांडीच्या छोट्या चाळणीत कॉफीची पूड भरायची, दट्ट्याने दाबायची, चाळणी यंत्राला अडकवायची आणि वरचा मोठा दांडा खाली ओढायचा. मग उकळतं पाणी त्या दाबलेल्या पुडीतून वाट काढत खाली येतं आणि कपात मधासारखी दाट कॉफी पडते.

आता यातली सगळी करामत दाबण्यात असते. पाणी मोठं आळशी. पूड एका बाजूला सैल राहिली की ते बाकीच्या पुडीला हात न लावता तिथूनच पळ काढतं आणि कॉफी होते पाणचट. फार दाबली तर पाणी अडून बसतं आणि थेंबथेंब कडू विष येतं. सावळीरामचा हात या दोन्हींच्या बरोबर मधे पडायचा. तोही जुन्या, कडेने झिजलेल्या लाकडी दट्ट्याने. सुलाबाईला त्याने शिकवायला घेतलं होतं. शाळेत पहिलीच्या बाई पाटीवर पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेतात ना, तसा तो तिच्या हातावर हात ठेवून दाबायचा. "असं. आता तू एकटी." पण हात काढला की तिचं बिघडायचं, मग ती म्हणायची, "तुम्हीच करा, मी कप धुते." आणि एक दिवस तो फळीमागे छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. गिरवणं अर्धंच राहिलं.

तेव्हापासून तिच्या कॉफीचा एक कप बरा तर पुढचे वाईट निघत. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नसे, पण येईनासं झालं. जागामालक गोटीरामशेठ मात्र तोंडावर बोलला होता, "सुलाबाई, संक्रांतीपर्यंत थांबतो. नाही जमलं तर ते धूड भंगारात घाला. रसवाला जागा मागतोय." नवऱ्याचं यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चाललंय, हे चित्र तिला हल्ली जेवतानाही दिसायचं.

तिने चाळणीत पूड भरली आणि नवा दट्ट्या हातात घेतला. बोटं आपोआप खड्ड्यांत जाऊन बसली. खड्डे तिच्या बोटांपेक्षा रुंद होते. दुसऱ्याची चप्पल पायात घालावी तसं तिला वाटलं. आणि मग तिने दाबायच्या आधीच दट्ट्या खाली गेला. सावकाश, एका लयीत गेला आणि जिथे थांबायचं तिथे थांबला. हातावर दुसरा हात असावा, तसं वजन होतं ते.

कपात कॉफी उतरली. तिने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ती त्याची कॉफी होती.

दुपारी बोरस्ते वकील आले. सावळीराम असताना हे रोजचे, आता चुकून येत. त्यांनी एक घोट घेतला, चष्म्यावरून फळीच्या आत डोकावले आणि हसून म्हणाले, "काय सावळीराम, होतास कुठे—"

त्यांनी जीभ चावली. "माफ करा हं, सुलाबाई. जिभेची सवय." पैसे ठेवून ते उठले, पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

दोनतीन दिवसांत जुनं गिऱ्हाईक परत येऊ लागलं. स्टँडवरचे कंडक्टर आले, पंचवटीतले दुकानदार आले. कॉफी पिताना सगळे गप्प असत. पूर्वी याच बाकांवर इतका गलबला असायचा की सावळीराम ओरडायचा. आता नुसता कपबशांचा आवाज. सुलाबाईला वाटलं, बरं आहे, निदान येतायत तरी. रंग पुढच्या वर्षी देऊ. दट्ट्या घ्यायचाच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुकानामागे एक बुटकी भिंत होती. भिंतीपलीकडे कुसाबाई फुलांच्या टोपल्या मांडून बसे. मखमलाबादला तिच्या गुलाबांच्या ओळी होत्या. कुणीतरी तिला सांगितलं होतं की कॉफीचा चोथा गुलाबाला मानवतो, म्हणून ती तो घेऊन जाई. आधी हा चोथा म्हणजे बादलीतला चिखल असायचा. नव्या दट्ट्याने दाबलेली पूड मात्र चाळणी आपटली की अख्खी बाहेर पडे, गोल, काळी, घट्ट चकती. कुसाबाईने त्या भिंतीवर ओळीने वाळत घातल्या.

आणि कावळे आले.

रामकुंड जवळच, तेव्हा कावळ्यांचं त्या भागात कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते त्यांच्या बसण्याचं. पिंपळावरून ते एकेक करून भिंतीवर उतरले, चकत्यांच्या दोन्ही बाजूंना बसले आणि बसूनच राहिले. एकानेही चोच लावली नाही, एकही ओरडला नाही. कुसाबाईने हाकलले तर उडून पुन्हा तिथेच येऊन बसत.

"सुले," कुसाबाई भिंतीवरून म्हणाली, "हे काही मला बरं दिसत नाही."

"कॉफी कडू असते मावशी. कावळा कशाला खाईल?"

"खायचं नसतं तर उडून जातो. हे वाट बघतायत." कुसाबाईने आवाज खाली आणला. "घाटावर असंच होतं. गेलेल्याचं काही राहिलं असलं की कावळा शिवत नाही. मग माणसं हात जोडून बोलतात, तुझं अमुक करू, तमुक करू. मनातलं बरोबर निघालं की शिवतो."

"आमच्यात नसतं ते. आम्ही बुद्धाची माणसं. ते गेले तेव्हा भंतेजी आले, वंदना झाली, झालं."

"तुमच्यात नसेल गं. कावळ्याला कुठे माहीत, कोण कुणाचं?"

सुलाबाई हसली, पण त्या दिवशी तिने मागचं दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून बघितलं तेव्हा कावळे तिकडेच, दाराकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई कप परत द्यायला फळीपाशी आली. "बघू तरी तुझा सोन्याचा दट्ट्या," म्हणाली आणि देठाला धरून फूल उचलावं तसा दोन बोटांनी तिने तो उचलला. "हलकाच तर आहे की! मी म्हटलं एवढे पैसे मोजायचे म्हणजे वरवंट्याएवढा तरी असेल."

"चेष्टा करू नका मावशी."

"चेष्टा कसली? हे घे."

सुलाबाईने हात पुढे केला. दट्ट्या तिच्या तळहातावर आला आणि तिचा हात फळीवर आदळला. कप खुळखुळले.

कुसाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती दट्ट्याकडे बघत नव्हती. सुलाबाईच्या हाताकडे बघत होती.

"सुले, तू डावखुरी कधीपासून झालीस?"

सुलाबाईने खाली पाहिलं. दट्ट्या तिच्या डाव्या मुठीत होता. तिने तो उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला तर बोटं खड्ड्यांत बसेनात, अंगठ्याच्या जागी करंगळी यायला लागली. मूठ डाव्या हाताची होती. इतके दिवस ती डाव्या हाताने दाबत होती आणि तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने बाकांकडे नजर टाकली. गिऱ्हाइकांपुढचे सगळे कप कान डावीकडे करून ठेवलेले होते. डाव्या खांद्यावर फडकं होतं. ते तिथे कधी टाकलं, तेही तिला आठवेना.

सावळीराम डावखुरा होता.

त्या दिवसापासून तिला स्वतःच्या डाव्या हाताची भीती वाटू लागली. घरी पेठ रोडच्या वसाहतीत भाकरी थापायला बसली की तो हात मधेच मूठ करून बसायचा. तिने एका गिऱ्हाइकाला साधी, हलकी कॉफी द्यायची ठरवली, तर हाताने नेहमीसारखीच दाबली. "हलकी, म्हटलं ना," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मग घाबरली, कारण ते स्वतःशी बोलणं नव्हतंच. हात नेहमी गार असायचा. दुखत नव्हता. पाटीवर गिरवणाऱ्या पोराचा हात जसा असतो तसा तो होता, आपला असून आपल्या मर्जीचा नसलेला.

आणि तरी तिला तो दट्ट्या सोडवत नव्हता. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटे. सकाळी दुकान उघडताना तिचं पाऊल भराभर पडायचं. मूठ हातात घेतली की वर्षभराने कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखं वाटायचं. गल्ला भरत होता. गोटीरामशेठ स्वतः येऊन कॉफी पिऊन गेला आणि रसवाल्याचं नावही काढलं नाही. एवढं सगळं देणारी वस्तू महाग कशी म्हणायची?

शनिवारी सकाळी तिने चाळणी भरली, दट्ट्या ठेवला, तो खाली गेला, नेहमीच्या ठिकाणी थांबला, आणि उठला नाही. तिने हात उचलून पाहिला. बोटं सुटेनात. उजव्या हाताने ती एकेक बोट सोडवू लागली, तशी मूठ जास्तच आवळली. दांडीची चाळणी फळीवर करकरली.

"पुरे," ती म्हणाली. "अहो, पुरे."

हात सुटला. मागच्या भिंतीवर पंखांची फडफड झाली आणि पुन्हा शांत. तिने दट्ट्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

रविवारी कारभारी आला. त्याच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"घेऊन जा बाबा तो दट्ट्या," सुलाबाई म्हणाली. "मला नाही झेपत."

कारभारीचा चेहरा पडला. त्याने दट्ट्या उचलला, तळव्यावर सहज उडवला, झेलला. "वैनी, न झेपायला काय हाय यात? मुद्दाम हलका केलाय. दादांनीच बजावलं होतं."

"काय बजावलं होतं?"

"म्हणाले, वजन कमी ठेव कारभारी, सुलाला झेपलं पाहिजे. तिच्यासाठी करतोय." त्याने डबा उघडला. आत वाळून दगड झालेला कणकेचा गोळा होता, बोटांच्या खुणांचा. "आणि मुठीचा हा साचा दिला. साचा बघितला तर डावा! मला वाटलं, वैनी डावखुऱ्या असतील."

सुलाबाईने तो गोळा हातात घेतला. आणि तिला ती संध्याकाळ दिसली.

चूल पेटलेली. ती कणीक मळतेय. सावळीराम पाटावर बसून म्हणतोय, "सुला, त्या गोळ्यावर जरा मूठ आवळ बघू."

"कशाला?"

"माप हवंय. दट्ट्या करून घेतोय."

"मग तुमचीच मूठ द्या की. कॉफी तुम्ही करणार, माप माझं कशाला?" असं म्हणून तिने हसत हसत गोळा त्याच्या डाव्या हातात कोंबला आणि त्याची बोटं त्यावर दाबून धरली. "हं, झालं माप!"

तो हसला नव्हता. "माझं शिकून झालंय गं," एवढंच म्हणाला होता. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तवा तापला होता.

हातातला वाळका गोळा तिने फळीवर ठेवला. मग सुलाबाई उठली. "थांब जरा," कारभारीला म्हणाली, आणि शेजारच्या खानावळीत जाऊन कणकेचा एक गोळा मागून आणला. फळीमागे, जिथे सावळीराम खाली बसला होता त्या जागी ती उभी राहिली. डावा हात पुढे येत होता. तिने तो पाठीमागे नेला, पदरात गुंडाळून घेतला, आणि उजव्या हाताने गोळा घट्ट आवळला.

मागचं दार उघडून ती बाहेर आली. भिंतीवर काळ्या चकत्यांची ओळ, आणि दोन्ही बाजूंना कावळे. तिने चकत्या बाजूला सारल्या. कावळे जागचे हलले नाहीत, फक्त मान वळवून बघत राहिले. तिने वाळलेला डावा साचा भिंतीवर ठेवला, त्याच्या शेजारी आपला ओला उजवा साचा ठेवला. तिने हात जोडले नाहीत. एरवी घरात बोलायची तशी ती बोलली.

"हे बघा, दिली मूठ. त्या दिवशी द्यायला हवी होती, आज दिली. कॉफी बिघडली तर बिघडू दे, माझी मी दाबीन. आता हात सोडा माझा."

भिंतीपलीकडे कुसाबाई फुलं ओवायची थांबली. कारभारी दारात उभा होता.

ओळीतला एक कावळा उठला. एरवी कावळा उड्या मारत चालतो, हा सावकाश, पावलं मोजल्यासारखा चालत आला. डाव्या साच्यापाशी थांबला, मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. सुलाबाईच्या मुठीपाशी आला. अंगठ्याच्या खुणेत त्याने एकदाच चोच मारली.

पदरात गुंडाळलेल्या तिच्या डाव्या हाताला झिणझिण्या आल्या, मग ऊब आली. भिंतीवरचे कावळे एकदम ओरडत उठले आणि रामकुंडाकडे निघून गेले. कुसाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कारभारी," सुलाबाई म्हणाली, "मूठ बदलून मिळेल? उजवी?"

"मिळंल की. आटे हायेत, फिरवली की निघते."

"मग दट्ट्या मी घेतला. पैसे पूर्ण देईन. पण या मापाचा."

कारभारीने ओला साचा जपून डब्यात ठेवला. डावा साचा त्याने विचारला नाही, तिनेही दिला नाही. तो तिने घरी नेऊन यंत्राच्या कागदांशेजारी फडताळात ठेवला.

नवी मूठ यायला वेळ लागला. तोवर ती जुन्या लाकडी दट्ट्याने, उजव्या हाताने दाबत राहिली. पुष्कळ कप बिघडले, ते तिने ओतून दिले. गिऱ्हाईक पुन्हा थोडं घटलं, पण बाकांवर बोलणं सुरू झालं. एक कंडक्टर तर म्हणाला, "मावशी, आज कॉफी आहे का काढा?" आणि सगळे हसले. तीही हसली, आणि पुढचा कप तिने जास्त ध्यान देऊन दाबला. नवी मूठ आली तेव्हा ती तिच्या बोटांत अशी बसली की वेगळी वस्तू हातात आहे हेच कळेना. चकती कडेपर्यंत नीट बसत होती, पाण्याला पळायला वाट उरत नव्हती. दाबण्याचं बळ मात्र तिलाच लावावं लागे, आणि तेच तिला हवं होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बोरस्ते वकील आले. घोट घेऊन विचारात पडले.

"ही वेगळी आहे."

"माझी आहे," सुलाबाई म्हणाली.

त्यांनी कप संपवला आणि दुसरा मागितला. गोटीरामशेठ पलीकडे बसला होता. त्याने ते पाहिलं. मग तो उठला, फळीवर पैसे ठेवले आणि जागेविषयी काही न बोलता निघून गेला.

कारभारी आपल्या कामाला फार सचोटीचा माणूस. साच्यात जे असेल ते मुठीत उतरलंच पाहिजे, त्यात आपली अक्कल घालायची नाही, असा त्याचा नेम. त्यामुळे नव्या मुठीवर, अंगठा टेकतो तिथे, चोचीएवढा एक बारीक टोकदार खड्डा आहे. सुलाबाईने तो बुजवून घेतला नाही. रोज दाबताना तिचा अंगठा तिथेच येऊन बसतो. बाकीचं शिसव हाताच्या उबेने लगेच तापतं. तेवढा ठिपका मात्र, भर उन्हाळ्यातसुद्धा, गार लागतो.